राहू दे

“पण बटण बाहेर कधी आला?”

प्रश्न साधाच होता. विचारणारी मुलगी आठ-नऊ वर्षांची, चष्म्याची एक काडी चिकटपट्टीने सांधलेली, आणि माइक तिच्या कपाळाच्या उंचीवर. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर मुलं सतरंजीवर बसली होती, त्यांचे आईबाप मागे खुर्च्यांवर. समोर एक टेबल, टेबलावर पाण्याचा जग, आणि जगाआड लेखिका. गेला तासभर सगळं कसं लोण्यात सुरी फिरावी तसं चाललं होतं. ग्रंथपालांनी नियम घालून दिला होता: आधी नाव, मग इयत्ता, मग प्रश्न. या मुलीने नाव सांगितलं, ते मागे ऐकू गेलं नाही म्हणून ग्रंथपालांनी माइक खाली ओढून पुन्हा सांगायला लावलं, लेखिकेने सवयीने “अरे वा, छान नाव आहे” म्हटलं, आणि मग हा प्रश्न आला.

“कुठून बाहेर?” तिने हसून विचारलं.

“कपाटातून,” मुलगी म्हणाली. “आठव्या पुस्तकात. लपाछपीत कप्तानवर राज्य असतं. बटण गाद्यांच्या कपाटात लपतो. मग गच्चीवरची टाकी फुटते आणि सगळे तिकडे पळतात. तो कपाटातच राहतो. पुढे नाहीच तो. नवव्यात पण नाही, दहाव्यात पण नाही.”

जिन्याखालच्या टोळीची पुस्तकं इथल्या प्रत्येक मुलाने वाचली होती, नसतील त्यांनी वाचल्याचं आईला सांगितलं होतं. टोळीत पाच जण. सगळ्यांवर हुकूम सोडणारी कप्तान, काडीपैलवान पेन्सिल, इकडची आणि तिकडची या दोन जुळ्या, आणि सगळ्यात धाकटा बटण. शर्टाचं शेवटचं बटण कायम तुटलेलं, म्हणून बटण. लेखिकेने त्याला डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला. तो लगेच आला, गुडघ्याला खपली, हातात कुठलासा खिळा. पण तो कपाटातून बाहेर येतोय असं काही दिसेना. ती आत शोधत गेली. टाकी फुटली होती, पाणी जिन्यावरून येत होतं, पेन्सिल बादल्या आणत होता, जुळ्या भांडत होत्या. सगळं दिसत होतं. कपाटही दिसत होतं. मग एकदम पुढचं पुस्तक. मध्ये काहीच नव्हतं.

आणि दहाच मिनिटांपूर्वी तिने केवढी फुशारकी मारली होती! एका मुलाने विचारलं होतं, इतकी माणसं लक्षात कशी राहतात, तुम्ही यादी करता का? त्यावर ती म्हणाली होती, “यादी कशाला रे? आपल्या घरात कोण कोण आहे हे कुणी लिहून ठेवतं का?” मागच्या खुर्च्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. ते वाक्य तिने गेल्या वीस वर्षांत कितीदा तरी म्हटलं असेल, आणि दरवेळी टाळ्या मिळाल्या होत्या.

“अगं, तो अजून लपलाय!” ती म्हणाली. “इतका पटाईत लपणारा की मलासुद्धा सापडत नाही.” सभागृह खळखळून हसलं. वेळ मारून नेण्यात तिचा हात कुणी धरला नसता. सतरंजीवर लगेच कुजबुज सुरू झाली. एक म्हणाला, तो मामाकडे राहायला गेला. दुसरी म्हणाली, तो मोठा झाला, मोठी मुलं टोळीत नसतात. मागून एका वडिलांनी हात वर करून, विचारलं नसताना, सगळ्यांना समजावलं की याला मुक्त शेवट म्हणतात, यात वाचकाने आपल्या मनाने भर घालायची असते. लेखिकेने त्यांच्याकडे इतक्या कृतज्ञतेने पाहिलं की ते गृहस्थ सावरून बसले. हसली नाही ती फक्त चष्म्याची मुलगी. तिने माइक सोडलेला नव्हता.

“पण कपाटाला बाहेरून कडी होती,” ती म्हणाली. “दार आपोआप उघडतं म्हणून पेन्सिल कडी लावतो. तुम्हीच लिहिलंय.”

ग्रंथपालांनी माइक हळूच काढून घेतला. “छान! आता पुढचा प्रश्न,” ते म्हणाले. पुढचा प्रश्न एका आईचा होता, संपादक नेमकं काय करतो हा. लेखिकेने तोंड उघडलं आणि आतून तयार उत्तर आपोआप बाहेर पडायला लागलं. “संपादक म्हणजे न्हावी हो. केस आपले, कात्री त्याची, आणि मान तेवढी दोघांच्या काळजीची.” लोक हसले. तिने जग उचलून पाणी ओतलं. ग्लास भरला, थोडं टेबलावर सांडलं, ते तिने पदराने पुसलं. कडी. कडी होती. दार आतून उघडणार नव्हतं. आठवं पुस्तक येऊन चार वर्षं झाली होती. म्हणजे त्या पोराला… असं मनात येताच तिला स्वतःचाच राग आला. कागदावरचं पोर ते, त्याला काय होणार? पण ती कडी काही डोळ्यांसमोरून हलेना.

खरी भीती बटणची नव्हतीच. ती मागच्या महिन्यात दुकानात सुरू झाली होती. लेखिका काउंटरपुढे उभी होती आणि दुकानदार वाट बघत होता. “ते द्या हो, ते… कागदाला टोचतात ते.” दुकानदाराने स्टेपलर दाखवला, पंच दाखवला, मग वैतागून सगळा खणच पुढे केला. तिने बोट दाखवलं. टाचण्या. जन्मभर शब्दांवर पोट भरलेल्या बाईला टाचणी हा शब्द सापडेना. घरी सांगितलं तर नवऱ्याने “साठी बुद्धी नाठी” म्हणून थट्टेवारी नेलं. ती हसलीही. पण दुसऱ्या दिवसापासून आंघोळ करताना ती शब्द म्हणायला लागली. टाचणी, चिमटा, बिजागरी, खुंटी, किसणी, अडणी. पाण्याच्या आवाजात नवऱ्याला ऐकू जायचं नाही. सगळे शब्द आले की ती नळ बंद करायची आणि दिवस बरा जायचा. माणसांची नावं म्हणून पाहावीत असं तिला कधी सुचलं नव्हतं. माणसं काय, घरातलीच. त्यांना कोण विसरतं?

आई विसरली होती. आईचंही शब्दांपासूनच सुरू झालं होतं, पण ते कळायला फार उशीर लागला, कारण आईने त्यावर एक झकास उपाय शोधला होता. शब्द आला नाही की ती म्हणायची, “राहू दे.” “अगं, जरा ते आण ना, ते… राहू दे.” “काल ती आली होती ना, ती… राहू दे.” हे इतकं गोड, इतकं समजूतदार वाटायचं की थोरली बहीण कौतुकाने सगळ्यांना सांगायची, आई आता किती समाधानी झालीय बघ, काही मागत नाही, कशाचा हट्ट नाही, सगळ्याला राहू दे म्हणते. मग एका दुपारी पाचही भावंडं आईकडे जमली. आईने हौसेने स्वतः ताटं मांडायला घेतली. ती एकेका ताटाला हात लावत होती आणि थोरलीचं, दोन नंबरचीचं, दादाचं, मधल्याचं अशी नावं घेत होती. चार ताटं झाल्यावर ती कंबर धरून सरळ झाली आणि म्हणाली, “झाले सगळे.” धाकटी, म्हणजे हीच, दारात पाण्याचा जग घेऊन उभी होती. तिला वाटलं, आई पाचवं ताट आणायला वळेल. आई वळली आणि तिच्याकडे बघून अगदी अदबीने म्हणाली, “तुम्ही उभ्या का? बसा ना. कुणाकडे आलात?” दादा हसला, त्याला वाटलं आई गंमत करतेय. तिलाही तसंच वाटलं, क्षणभर. पण त्या ‘तुम्ही’मध्ये गंमत नव्हती. आईने तिला जन्मात कधी तुम्ही म्हटलं नव्हतं. त्यानंतरच्या दोन वर्षांत आई एकेकाला विसरत गेली, पण सुरुवात शेंडेफळापासून झाली. सगळ्यात शेवटी आली म्हणून सगळ्यात आधी गेली, असं ती पुढे लोकांना हसत सांगायची. सांगताना तिला अजूनही मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आणि आता तिनेही धाकट्यालाच विसरावं? तिला बसवेना. कुणीतरी विचारत होतं की टोळीतला तुमचा सगळ्यात लाडका कोण. ती “आईला सगळी सारखीच” म्हणाली, आणि हे आपण काय बोललो हे कळून तिने खाली बघितलं. पाण्याचा डाग टेबलावर वाळत होता. ग्रंथपालांना तिचा चेहरा दिसला असावा. त्यांनी घड्याळाकडे पाहून चहाची सुट्टी जाहीर केली आणि सह्या त्यानंतर होतील असं सांगितलं.

ती चहा न घेता बाहेरच्या बोळात आली. परत आलेली पुस्तकं तिथे मांडणीवर पडलेली असत. जरा शोधल्यावर आठवं पुस्तक सापडलं, हाताळून हाताळून कोपरे मऊ झालेलं. तिने घाईने पानं उलटली. कपाट होतं. कडी होती. टाकी होती. शेवटच्या पानावर सगळे ओलेचिंब होऊन हसत होते, आणि ‘सगळे’ म्हणजे चौघं. मुलगी खरं बोलत होती. लेखिकेने फोन काढून संपादिकेला लावला. आठव्या पुस्तकाच्या वेळी ही संपादिका नवी होती. आधीचे थोरले संपादक गेले, त्यांच्या जागी त्यांची पुतणी आली. मुलगी हुशार होती, नम्र होती, आणि लेखिकेला मॅडम म्हणायची. थोरले संपादक कधी मॅडम म्हणाले नाहीत. ते पेन्सिलीने काटत, भांडत, पुन्हा वाचत, आणि काटलेलं परत ठेवायचं असलं की समासात बारीक अक्षरात लिहीत, ‘राहू दे’. त्यांच्याकडूनच तिने ते उचललं होतं. त्यांच्या पेन्सिलीला तिची हिरवी शाई उत्तर द्यायची, राहू दे, राहू दे. भांडणात जिंकल्याचा तो शिक्का होता.

“आठव्या पुस्तकात,” ती म्हणाली, “बटण कपाटातून बाहेर येतो का गं?”

“थांबा हं मॅडम.” टकटक आवाज आला. बोळाच्या टोकाला एक लहान मुलगा भिंतीला टेकून बिस्किट खात होता. “हो, होतं ना ते. शेवटचं प्रकरण. पण ते आपण घेतलं नाही.”

“का नाही घेतलं?”

“तुम्हीच म्हणालात. मी विचारलं होतं समासात, हे प्रकरण इथेच हवं का, की पुढच्या पुस्तकात घ्यायचं? तुम्ही त्यावर लिहिलंय, ‘राहू दे’. हिरव्या शाईत. माझ्यासमोरच आहे बघा पान.”

लेखिका हसायला लागली. स्वतःशीच, भिंतीला हात टेकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. “अगं माझे बाई, राहू दे म्हणजे ठेव! असू दे, हलवू नकोस!”

पलीकडून अगदी लहान आवाज आला, “अय्या. मला वाटलं, राहू दे म्हणजे… जाऊ दे, आत्ता नको. आमच्याकडे आई तसंच म्हणते. आता राहू दे, नंतर बघू.”

केवढं हायसं वाटलं! तिने लिहिलं होतं. ती विसरली नव्हती, एका शब्दाने घोटाळा केला होता. ‘ठेव’ म्हणायलाही तोच शब्द आणि ‘सोडून दे’ म्हणायलाही तोच, असल्या भाषेत पुस्तकं छापणाऱ्यांनी मानेवर कात्री ठेवूनच बसायला हवं. हे वाक्य पुढच्या कार्यक्रमात वापरता येईल असंही तिला लगेच वाटलं. बोळातला उजेडही तिला एकदम नीट दिसायला लागला. ती म्हणाली, “वाच बरं मला जरा.”

संपादिका वाचायला लागली. “‘कपाटात अंधार होता, पण बटणला अंधाराचं काही वाटत नव्हतं. त्याला वाटत होतं ते एवढंच की बाहेर आता कुणी मोजत नाहीये.’” छान आहे, लेखिकेच्या मनात आलं, कुणाचं आहे? आणि मग ती भिंतीपासून सरळ झाली. संपादिका वाचत होती. संध्याकाळ होते, टाकीचा गोंधळ आवरतो, पोरं अंग पुसून जेवायला येतात. कप्तानला विचारलं तर ती म्हणते, झाले सगळे. पण बटणच्या आईने टोळीसाठी पाच ताटं मांडलेली असतात. चार भरतात. आई पाचव्या ताटाकडे बघते, हातातला डाव तसाच ठेवते, आणि कुणाला काही न विचारता एकेक दार उघडत निघते. शेवटी गाद्यांच्या कपाटाची कडी काढते. बटण झोपलेला असतो. आई म्हणते, “तुला बरी विसरेन मी?”

“मॅडम? ऐकताय ना?”

“हो.”

“मलाही तेव्हा फार आवडलं होतं. खरं सांगू, काढताना वाईट वाटलं होतं. पण नंतर तुम्ही प्रुफं दोनदा पाहिलीत, काहीच बोलला नाहीत. नवव्या पुस्तकाच्या वेळीसुद्धा नाही. मग मला वाटलं, तुमच्या मनातच असेल तसं.”

प्रुफं दोनदा पाहिली होती. प्रत्येक वेलांटी तपासली होती, एका ‘की’वरून फोन केला होता. आणि शेवटच्या पानावर चौघं हसताना तिला काही कमी वाटलं नव्हतं. हे प्रकरण तिने कधी लिहिलं असेल ते आता उघड होतं. त्या दुपारनंतर, ताटांच्या दुपारनंतर. लिहिताना रडलीही असेल. बसल्या जागी, खिडकीशी, रुमाल घेऊन. ते सगळं गेलं होतं. टाचणी हा शब्द शोधताना निदान तिथे भोक पडलंय हे तरी कळत होतं. इथे भोकसुद्धा उरलं नव्हतं. “पुढच्या आवृत्तीत घालू या ना आपण,” संपादिका म्हणत होती. “घालू,” ती म्हणाली. तिला आणखी काहीतरी विचारायचं होतं, पण काय ते जुळेना, म्हणून तिने “राहू दे” म्हणून फोन ठेवला. ठेवल्यावर आपण काय बोललो ते तिला ऐकू आलं.

सह्यांची रांग लांबलचक होती. ती टेबलामागे बसली आणि हिरवं पेन काढलं. हे तिला आवडायचं काम. पुस्तक पुढे येई, ती नाव विचारी, पोर नाव सांगे, ती लिही. विचारायचं, लिहायचं, विचारायचं, लिहायचं. लक्षात काही ठेवायचं नाही. आज प्रत्येक नाव लिहून झाल्यावर ती मागचं नाव मनात पुन्हा म्हणून पाहत होती. एक मागचं येत होतं. दोन मागचं येत होतं. तिसरं चाचपडावं लागत होतं. हे सगळ्यांचंच होत असेल, ती स्वतःला सांगत होती, इतक्या पोरांची नावं कुणाच्या लक्षात राहतात? अशी समजूत घालता घालता रांगेच्या शेवटी चष्म्याची मुलगी आली. तिने आठवं पुस्तक टेबलावर उघडून ठेवलं, पहिल्या पानावर नाही, शेवटच्या.

“मावशी, आठवलं का?”

“बाहेर आला होता तो,” लेखिका म्हणाली. तिला या मुलीला खरं सांगायची अनावर ओढ लागली होती. “मी लिहिलं होतं. त्याच्या आईने त्याला शोधून काढलं होतं. छापताना घोटाळा झाला आणि ते पान राहून गेलं.”

मुलीने ते नीट ऐकून घेतलं. कपाळावर आठी पडली. “पण मग छापून आल्यावर तुम्हाला तो आठवला नाही?”

कुणा मोठ्या माणसाने हे विचारलं नसतं. “नाही आठवला,” लेखिका म्हणाली. हे ती पहिल्यांदाच मोठ्याने म्हणत होती, तेही एका चिकटपट्टीच्या चष्म्यापुढे.

“म्हणजे राज्य अजून तुमच्यावरच आहे,” मुलगी म्हणाली. रागावून नाही, खेळाचा नियम सांगावा तशी. लेखिकेने मान हलवली. तिने पेनाचं टोपण काढलं, पुस्तक जवळ ओढलं, आणि तोंडातून सरावाने निघून गेलं, “नाव काय बाळ तुझं?”

“मी सांगितलं की मघाशी,” मुलगी म्हणाली. “दोनदा. तुम्ही छान आहे म्हणालात.”

माइक आठवत होता. त्याची दांडी, ग्रंथपालांचा हात, चिकटपट्टी, ‘अरे वा’. ओठ हललेले आठवत होते. पण त्या ओठांवर काय होतं? लेखिकेने पेन तसंच धरून ठेवलं. टेबलाच्या अलीकडे आपण काय करतोय हे तिला कळत होतं, आणि ते थांबवता येत नव्हतं. ती आईसारखी हसत होती. अदबीने, पाहुण्यांकडे बघून हसावं तशी. आता आपण हिला तुम्ही म्हणणार, असं तिला वाटलं, आणि तिने ओठ घट्ट मिटून घेतले. मुलीने तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग चष्मा वर सरकवला, आणि मुलांना कधीकधी कुठून येतो कोण जाणे तसा मोठ्या माणसाचा सांभाळून घेणारा आवाज काढून म्हणाली, “राहू दे मावशी. माझं नको. बटणचं लिहा.”

लेखिकेने खाली बघितलं. शेवटच्या पानावर चौघं हसत होती, त्यांच्याखाली चार बोटं कोरी जागा होती. तिने तिथे सावकाश लिहिलं, ‘बटण, बाहेर ये.’ अक्षर वाचता येण्यासारखं आलं. मुलीने मान वाकडी करून ते तपासलं. तिचं समाधान झालेलं दिसलं, पण तिने पुस्तक उचललं नाही.

“सही राहिली,” ती म्हणाली.

“हो, करते.” सभागृह रिकामं होत आलं होतं. ग्रंथपाल सतरंजी गुंडाळत होते. लेखिकेने पेन कागदावर टेकवलं, आणि लिहिण्याआधी आपलं नाव मनात एकदा म्हणून पाहिलं. आलं. मगच तिने सही केली.